रोज दिसणं म्हणजे ओळख नव्हे

रत्नागिरीच्या आंबाबागांत राखणीला नेपाळी गुरखे असतात, मिरकरवाड्याच्या बोटींवरही बरेच खलाशी नेपाळी. तरी चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावरच. ‘सवय झाली की परकेपणा आपोआप जातो’ हा समज मग खोटा म्हणायचा का?

अर्धा खरा आहे. १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्स यांनी लोकांना चिनी लिपीसारखी अनोळखी चिन्हं दाखवली. काही एकदाच, काही २५ वेळा. जास्त वेळा दिसलेल्या चिन्हांचा अर्थ चांगला असणार, असं लोकांना वाटलं. ओळखीची गोष्ट मेंदूला ओळखायला सोपी जाते आणि हा सोपेपणा आपल्याला आवडीसारखा जाणवतो. पण सुरुवातच भीतीने झाली असेल, तर वारंवार दिसण्याने नावड वाढूही शकते. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा हीच भीती आधी पेरून ठेवतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेपायी जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. असा संदेश पुढे पाठवणं हे सावधपण नव्हे, गुन्ह्याला हातभार आहे.

संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायला मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये चार अटी सांगितल्या: बरोबरीचा दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा. बागमालक आणि गुरखा यांच्या नात्यात पहिलीच अट कोसळते.

खरी मेख पुढे आहे. ‘आमचा गुरखा सोन्यासारखा, बाकीच्यांचं सांगू नये,’ हे वाक्य बागायतदारांच्या गप्पांत सहज येतं. इथे मेंदू चांगला अनुभव नाकारत नाही. तो त्या माणसाला ‘अपवाद’ अशा वेगळ्या कप्प्यात टाकतो आणि गटाबद्दलचं मत जसंच्या तसं ठेवतो. संशोधक सलमा मूसा यांनी इराकमध्ये आयसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिश्चनांच्या काही फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. त्या ख्रिश्चन खेळाडूंनी दुसऱ्या संघातल्या मुस्लिमांनाही खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी मतं दिली, पुढे त्यांच्याबरोबर सरावही केला; पण मुस्लिमबहुल मोसुल शहरातल्या हॉटेलात जायला ते फारसे तयार झाले नाहीत. २०२० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिव्हाळा मैदानाच्या कुंपणाशी थांबला.

आपल्याकडे वाडीवाडीत टेनिस चेंडूचे सामने होतात, तिथे हे वापरता येईल. अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांची क्रिकेट लीग भरवली. एका संघात खेळलेल्यांत आंतरजातीय मैत्री वाढली. समोरासमोर खेळण्याचा परिणाम बहुतांशी उलटा झाला. म्हणून ‘नेपाळी इलेव्हन’ असा वेगळा संघ नको; चिठ्ठ्या टाकून संघ पाडा. एकट्या नेपाळ्याला अकरावा गडी म्हणून घेऊ नका, प्रत्येक संघात तिघे-चौघे असू द्या, म्हणजे कोणी एकटा अपवाद ठरणार नाही. कप्तानपद आळीपाळीने द्या. मालक आणि सरपंच दोघांनी मैदानात हजर राहावं. १ जूनला मासेमारीबंदी लागते आणि खलाशी गावी परततात, म्हणून सामने मेच्या मध्यापर्यंत उरका. माइकवरच्या समालोचकाने ‘आपला बहादूर’ म्हणू नये. खेळाडूचं पूर्ण नाव आणि नेपाळातला जिल्हा सांगावा. त्याचा षटकार नेपाळी माणसाचा षटकार म्हणूनच लक्षात राहायला हवा.