जलसंतुलन, लहान मुलांचं

घाम, श्वास, शू-शी यातून जेवढं पाणी जातं तेवढं परत भरून निघणं म्हणजे जलसंतुलन, बोलताना सगळे हायड्रेशनच म्हणतात. नवजात बाळाच्या वजनात साधारण ७५ टक्के पाणी असतं, वर्षाचं होईतो ते ६०-६५ टक्क्यांवर येतं. एवढं पाणी असूनही मुलं मोठ्यांपेक्षा लवकर सुकतात, कारण वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा, श्वास भरभर, आणि पहिले काही महिने किडनीला लघवी मोठ्यांइतकी घट्ट करून पाणी वाचवता येत नाही. शिवाय तान्ह्याला पाणी मागता येत नाही आणि खेळात रंगलेलं पोर तहान लागली तरी थांबत नाही.

रोज किती पाणी, यावर मात्र घोळ आहे. ‘रोज आठ ग्लास पाणी प्या’ या सल्ल्याचं मूळ बहुतेक जण अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळाच्या १९४५ च्या शिफारशीत शोधतात. तिथे मोठ्यांसाठी अडीच लिटर, म्हणजे दर कॅलरीमागे एक मिली असा हिशोब होता, आणि यातलं बरंचसं पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं हेही लगेच पुढे लिहिलेलं होतं, ते वाक्य गळलं आणि ग्लास तेवढे उरले असं म्हणतात. हा दुवा सिद्ध झालेला नाही, पण पटण्यासारखा आहे.

मुलांसाठीचा आकडा आला १९५७ मध्ये, हॉलिडे आणि सेगर या अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांकडून, तोही कॅलरीवरूनच: पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या १० ना ५०, त्यापुढे २०. म्हणजे १२ किलोच्या मुलाला दिवसाला ११०० मिली. पण हे गणित दवाखान्यात सलाईनवर असलेल्या मुलांसाठी होतं, घरी हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या मुलाने एवढं प्यावंच असा त्याचा अर्थ नाही. त्या सलाईनमध्ये मीठ किती असावं यावरही पुढे बराच वाद झाला, कारण पातळ सलाईनने काही मुलांचं रक्तातलं सोडियम घसरायचं, शेवटी २०१८ मध्ये अमेरिकन बालरोग अकादमीने २८ दिवस ते १८ वर्षं या वयात बहुतेक मुलांना रक्ताइतकंच खारट सलाईन द्या असं सांगितलं.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१० चे आकडे २-३ वर्षांना १.३ लिटर, ४-८ वर्षांना १.६ लिटर असे आहेत, त्यात दूध आणि जेवणातलं पाणीही धरलेलं आहे. असे आकडे मुख्यतः लोक प्रत्यक्षात किती पितात यावरून बसवलेले असतात, त्यामुळे ग्लास मोजत बसण्यापेक्षा शूचा रंग बघणं जास्त कामाचं: फिकट पिवळी असली की ठीक, गडद आणि थोडी असली की पाणी कमी पडतंय.

सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नाही, आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पावडरचं दूध जास्त पातळ केलं तर सोडियम उतरून झटके येऊ शकतात.

जुलाब-उलट्यांत मात्र नुसत्या पाण्याने भागत नाही. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं, ओआरएस (पाकिटातली मीठ-साखरेची पूड पाण्यात घालून केलेलं द्रावण) चालतं ते याच्यावर, म्हणून पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घालायचं, अंदाजपंचे नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शीनंतर ५०-१०० मिली, मोठ्याला १००-२००. चमच्याचमच्याने द्यायचं, उलटी झाली तर १० मिनिटं थांबून परत, आणखी सावकाश. टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू बसते, मूल मलूल पडलंय किंवा पीतच नाही, तर घरी चमचा घेऊन बसायचं नाही, लगेच दवाखाना.