सेन्सरचा आकार व अल्पप्रकाशातील चित्रण

कॅमेऱ्याच्या सेन्सरचे (प्रकाश टिपणाऱ्या चिपचे) क्षेत्रफळ आणि कमी उजेडातील चित्राची स्वच्छता यांचा संबंध. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी., म्हणजे ८६४ चौ.मिमी.; एपीएस-सी सुमारे ३७०, मायक्रो फोर थर्ड्‌स २२५. ‘एक इंची’ म्हणवणारा प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी.चा असतो, नावातला इंच जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या व्यासावरून आला, सेन्सरवर तो कुठेच सापडत नाही.

फोटॉनांची (प्रकाशकणांची) आवक मुळातच कमी-जास्त होत असते : १०,००० फोटॉनांमागे चढउतार १०० चा (१ टक्का), २,५०० मागे ५० चा (२ टक्के). अंधारातल्या चित्रात दिसणारे दाणे (ठिपकेदार खरखर) प्रामुख्याने याचेच. आयएसओ (चित्र उजळवणारी मांडणी) दाणे निर्माण करत नाही, प्रकाशाची तूट उघडी पाडतो. मोठ्या सेन्सरवर एकूण फोटॉन अधिक पडतात; म्हणून ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) व शटर (प्रकाश घेण्याचा वेळ) सारखेच ठेवले, तर फुल फ्रेम एपीएस-सीपेक्षा सुमारे सव्वा आणि मायक्रो फोर थर्ड्‌सपेक्षा दोन स्टॉप सरस ठरतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). मात्र ही आघाडी लेन्स सहज घालवते. फुल फ्रेमला एफ/५.६ चा झूम लावणाऱ्यापेक्षा एपीएस-सीवर एफ/१.८ (आकडा लहान, तितके छिद्र मोठे) लावणारा दोन स्टॉप पुढेच राहतो.

सेन्सरचा खरा कस हलत्या विषयात लागतो. खानदेशच्या सीमेला लागून असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे. पण चित्रे हलत नाहीत, म्हणून स्थिरीकरणाच्या (हाताचा कंप सावरणाऱ्या सोयीच्या) बळावर १/८ सेकंद देऊन लहान सेन्सरही निभावतो. सातपुड्यातील काठीच्या (ता. अक्कलकुवा) होळीत नाच रात्रभर चालतो आणि होळी पहाटे पेटते. तिथे छायाचित्राला किमान १/२५० सेकंदाचे शटर लागते. व्हिडिओत २५ फ्रेमला १/५० हा रिवाज. विजेचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून १/६० ठेवल्यास पट्टे सरकताना दिसतात. काही फुल फ्रेम बॉडी फोर-केमध्ये सेन्सरचा मधलाच भाग वापरतात. मग मोठ्या सेन्सरचे पैसे पाण्यात. खरेदीपूर्वी हे तपासावेच.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. लग्नाच्या लांबलचक क्लिपांत सेन्सर तापतो, गरम पिक्सेल ठिपक्यांसारखे चमकतात आणि कॅमेरा मध्येच बंद पडतो. स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवल्याने, दोन विधींच्या मध्ये कॅमेरा बंद केल्याने थोडा दिलासा मिळतो.

आगीच्या उजेडात निळा रंग जवळजवळ नसतोच. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप संतुलित करणारी सोय) तो ओढून वाढवतो आणि सावल्यांत निळसर दाणे उमटतात. व्हाइट बॅलन्स ३,००० केल्विनच्या आसपास कायम ठेवून चित्र नारिंगीच राहू द्यावे.