मच्छिमार अपघात विमा : दावा नेमका कुठे अडकतो

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यासाठी १८ ते ७० वयाच्या मच्छिमाराला स्वतः काहीच भरावं लागत नाही. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला २.५ लाख आणि अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर २५ हजारांपर्यंत. मच्छिमार संस्थेमार्फत आधार, पासबुक आणि वारसाचं नाव मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्यायचं. इथवर सोपं आहे.

अडतं ते नावापाशी. हंगामाच्या सुरुवातीला यादी गेली, दिवाळीला एक खलाशी गावी गेला, त्याच्या जागी दुसरा बोटीवर चढला आणि हे कुणी कळवलंच नाही. बुडाला तो हा दुसरा. त्याच्या घरच्यांच्या हाती मग काय उरतं? नाखवांनो (बोटमालकांनो), माणूस बदलला की त्याच दिवशी नाव कळवा, आणि बोट सुटताना खलाशांच्या नोंदीतही तेच नाव घाला.

दुसरी अडचण ‘एफआयआर’ची. अर्जात तो मागतात. पण बुडून मृत्यू झाला तर पोलीस सहसा आकस्मिक मृत्यूची नोंद करतात. एफआयआर मिळत नाही म्हणून लोक महिनोनमहिने खेटे घालतात आणि त्यांना कुणी सरळ सांगत नाही. एफआयआरच्या जागी आकस्मिक मृत्यूच्या खबरीची प्रमाणित प्रत, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल जोडा. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर त्याचा अहवालही लागतो. बोटीवर हृदयविकाराने मृत्यू आला तर तो अपघातात धरत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या.

सगळ्यात वाईट हाल देह न सापडलेल्यांच्या घरचे. देह नाही म्हणून शवविच्छेदन नाही, मृत्यू दाखला नाही. ‘सात वर्षं थांबा’ असं सांगून त्यांना वाटेला लावलं जातं. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११ एवढंच म्हणतं, की सात वर्षं ज्याची खबर नाही तो जिवंत आहे असं कुणी म्हणत असेल, तर ते त्यानंच सिद्ध करावं. त्याआधी मृत्यू शाबीत करायला या कलमाची आडकाठी नाही. सोबत्यांनी त्याला लाटेत जाताना पाहिलं असेल, तर तो पुरावा दिवाणी न्यायालयात आधीही मांडता येतो. वकिलाला हे स्पष्ट विचारा.

हा पुरावा पहिल्या काही तासांतच जमतो. माणूस पडला की तांडेलाने (बोट चालवणाऱ्या प्रमुखाने) जीपीएसवर जागा पक्की करावी, अक्षांश-रेखांश आणि वेळ लिहून ठेवावी, बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर हाक द्यावी, रेंज असेल तर तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करावा. यातच त्याचा जीव वाचण्याची आशा असते, आणि नाही वाचला तर हीच नोंद कामी येते. शोधमोहिमेचं पत्र तटरक्षक दलाकडे लेखी मागा. किनाऱ्याला लागताच सगळ्या खलाशांचे जबाब पोलिसांत नोंदवा. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की ते आपापल्या गावी पांगतात. पोलिसांनी हद्दीचं कारण दिलं तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

विंचमध्ये (जाळं ओढायच्या यंत्रात) हात सापडला तर दवाखान्याच्या पहिल्याच केसपेपरवर ‘समुद्रात मासेमारी करताना विंचमध्ये हात अडकून’ असं लिहून घ्या. नुसतं ‘हाताला इजा’ लिहिलेला कागद पुढे दुरुस्त करून घेणं फार जड जातं.

कागद पूर्ण होण्याची वाट पाहू नका. अपघाताची लेखी खबर मत्स्यव्यवसाय कार्यालयात त्याच आठवड्यात द्या, बाकीचे दाखले मागून जोडा.