कार्ड रिफंडची मंजुरी

दुकानदाराने ग्राहकाच्या कार्डावर परत पाठवलेली रक्कम कार्ड देणाऱ्या बँकेने तपासून स्वीकारणे, म्हणजे कार्ड रिफंडची मंजुरी. बोलताना आपण ‘पैसे उलटे फिरवले’ म्हणतो, पण मूळ व्यवहार उलटत नाही. रिफंड हा उलट दिशेने जाणारा नवा व्यवहार असतो. बहुतेक घोळ हे न कळल्यामुळे होतात.

समजा, कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये कुणी १,८०० रुपयांची कापशी चप्पल कार्डाने घेतली आणि घरी गेल्यावर ती आवळायला लागली. दुकानदाराने मशीनवर दिवसाचा हिशेब, म्हणजे सेटलमेंट, करण्याआधी ती परत नेली, तर व्यवहार ‘व्हॉइड’ करून रद्द करता येतो. सेटलमेंट होऊन गेले असेल तर रिफंडशिवाय मार्ग नाही. ‘मशीन कशाला, रोख घ्या की’ असे दुकानदार आपुलकीने म्हणतो, पण कार्डाची खरेदी कार्डावरच परतवावी असा कार्ड नेटवर्कचा, म्हणजे रुपे, व्हिसा यांसारख्या यंत्रणांचा, सर्वसाधारण दंडक आहे. नाहीतर क्रेडिट कार्डावरून रोकड काढण्याची ती आयती पळवाट ठरते. शिवाय रोख दिल्याची नोंद बँकेकडे नसते. ग्राहकाने पुढे तक्रार केली, तर दुकानदाराला तेच पैसे दुसऱ्यांदा भरावे लागू शकतात.

रिफंडचा संदेश मशीनवरून दुकानदाराच्या बँकेकडे, तिथून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या नेटवर्कमधून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. खरेदीच्या वेळी ही बँक शिल्लक किंवा मर्यादा पाहते, पिन वा ओटीपी तपासते. रिफंडला शिल्लक पाहायचे कारणच नाही. कार्ड क्रमांक खरा आहे का, खाते चालू आहे का, व्यवहार संशयास्पद तर नाही ना, एवढेच तिला पाहायचे असते. पैसे येणार असल्याने ग्राहकाची संमतीही लागत नाही. त्यामुळे ‘रिफंडसाठी ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो फसवणुकीचाच.

पूर्वी एवढी विचारणाही होत नसे. दुकानदाराची बँक क्लिअरिंगच्या, म्हणजे बँकांमधली देवाणघेवाण मिटवण्याच्या, फाईलमध्ये रक्कम टाकून मोकळी होई आणि कार्ड देणाऱ्या बँकेला रिफंड आल्याचे ती फाईल पोचल्यावरच कळे. व्हिसा व मास्टरकार्डने अलीकडे रिफंडलाही तत्काळ मंजुरीची पद्धत आणली. पण मंजुरी मिळाली म्हणजे पैसे जमा झाले असे नव्हे. बँकेने ‘रक्कम घेऊ’ एवढेच कळवलेले असते. प्रत्यक्ष रक्कम क्लिअरिंगनंतर येते. दुकानदाराच्या हातात ‘मंजूर’ची पावती आणि ग्राहकाच्या खात्यात काहीच नाही, अशी स्थिती काही दिवस राहते. अशा वेळी दोघेही खरेच बोलत असतात. वाद मिटवायला दुकानदाराच्या बँकेकडून व्यवहाराची ओळख पटवणारा २३ अंकी एआरएन क्रमांक घ्यावा. त्यावरून कार्ड देणारी बँक रक्कम शोधू शकते.

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाचा दाखला अनेक जण इथे देतात. पैसे कापले गेले पण दुकानात पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम परत करावी, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असे ते सांगते. मात्र ते फसलेल्या व्यवहारांपुरतेच आहे. आवळणारी चप्पल परत केली, तर तो व्यवहार फसलेला नसतो आणि ही भरपाई लागू होत नाही.

क्रेडिट कार्डाचे बिल भरायचे बाकी असेल, तर मुदतीआधी आलेला रिफंड देय रकमेतून लगेच वजा करावा, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये दिला. कार्ड बदलले पण खाते तेच असेल, तर बँक जुन्या क्रमांकावर आलेली रक्कम सहसा त्याच खात्यात वळवते. खातेच बंद झाले असेल, तर मात्र ग्राहकाला बँकेच्या शाखेत खेपा घालाव्या लागतात.