पाणी बदललं आणि मासे मेले

रविवारी दुपारी टाकीतलं निम्मं पाणी काढलं. वाळू चोळून धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून काढला, काच लख्ख पुसली, ताजं पाणी भरलं. सोमवारी सकाळी तीन मासे पोट वर करून तरंगताना दिसले. घरातल्या वडीलधाऱ्यांचं निदान तयार असतं: 'घरावरचं काहीतरी त्यांनी अंगावर घेतलं.' दुकानदाराचं वेगळं: 'पाणी बदललंत ना? सारखं बदलू नका.' पहिल्यावर फार बोलण्यासारखं काही नाही. फ्लॉवरहॉर्न माशाच्या कपाळावरचं टेंगूळ भाग्याचं म्हणून हजारो रुपये मोजणाऱ्यांच्या घरीही अमोनिया, म्हणजे माशांच्या खाण्यातून पाण्यात साठणारं विष, आपलं काम करतोच. दुसरं निदान मात्र अर्धं खरं असल्यामुळे जास्त घातक आहे. ते ऐकून माणूस पाणी बदलणं लांबवतो आणि पुढच्या वेळी तीनाऐवजी सहा मासे मरतात.

ही भानगड समजून घ्यायला थोडं गणित लागेल. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की धरा ५० लिटर. दिवसाला १ ग्रॅम दाणे टाकले, तर मत्स्यशेतीतल्या नेहमीच्या अंदाजानुसार त्यातून सुमारे ३० मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. म्हणजे लिटरमागे रोज ०.६ मिलिग्रॅम. बराचसा अमोनिया विष्ठेतून येत नाही, माशाच्या कल्ल्यांतून थेट बाहेर पडतो. त्यामुळे तळ कितीही चकाचक ठेवला तरी तो थांबत नाही.

हा अमोनिया स्पंजवर आणि वाळूवर राहणारे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. असे जिवाणू रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी १८९० मध्ये वेगळे करून दाखवले. तेव्हापासून सव्वाशे वर्षं ठाम समज होता की पहिली पायरी एका गटाची आणि दुसरी दुसऱ्या गटाची. २०१५ मध्ये संशोधकांच्या दोन चमूंनी एकाच वेळी दाखवून दिलं की नायट्रोस्पायरा कुळातले काही जिवाणू दोन्ही पायऱ्या एकटेच चढतात. त्यातला एक सापडला तो मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच. हे जिवाणू वाढायला मात्र अतिशय आळशी. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. क्रॉफर्ड मार्केटमधून टाकी आणि दहा गोल्डफिश एकाच दिवशी घरी आणले की काय होणार ते इथेच ठरतं.

पण आपला प्रश्न जुन्या, 'नीट चाललेल्या' टाकीचा आहे. अमोनिया संपवताना हे जिवाणू आम्ल तयार करतात. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे पाण्यातला सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका साठा खर्च होतो. हा साठा म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. टाकीवाले त्याला केएच म्हणतात. आपल्या ३० मिलिग्रॅमला रोज दोनशे दहा मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे लिटरमागे चारेक मिलिग्रॅम, साठा लागतो. मुंबईला पाणी येतं ते तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं, मुख्यतः पावसाचं आणि मऊ. अशा पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅमचा साठा धरला, तर पाणी न बदललेल्या टाकीत तो बारा दिवसांत आटतो. मग पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), घसरायला लागतो. साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळजवळ थांबतात. अमोनिया साठू लागतो. आणि गंमत म्हणजे मासे मजेत पोहत असतात!

कारण पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात. एक अमोनिया, विद्युतभार नसलेला, कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सहज आरपार जाणारा. दुसरा अमोनियम, एक हायड्रोजन जास्त चिकटलेला, भार असलेला आणि म्हणून सहजासहजी आत न शिरणारा. मारतो तो पहिला. २८ अंश सेल्सियसला दोघांचं प्रमाण निम्मं-निम्मं होतं पीएच ९.१५ च्या आसपास. पीएच ८ च्या खाली तो दर एक अंकाने उतरला की विषारी रूपाचा वाटा साधारण दहापट कमी होतो. पीएच ६ ला तो उरतो ०.०७ टक्के. म्हणजे टाकीत लिटरमागे ४ मिलिग्रॅम एकूण अमोनिया असला तरी विषारी भाग ०.००३ पेक्षा कमीच. सुरक्षित हद्द सहसा ०.०२ धरतात. मासे शांत, मालक खूश.

आता येतो रविवार. निम्मं पाणी काढून नळाचं ताजं भरलं. जुन्या पाण्यात आम्ल पचवणारं काही उरलेलंच नाही, त्यामुळे नवं पाणी पीएच आपल्याकडे ओढून घेतं. समजा तो ७.३ वर आला. एकूण अमोनिया ४ वरून २ झाला, पण विषारी वाटा ०.०७ वरून १.४ टक्क्यांवर गेला. हिशेब करा: ०.०२८ मिलिग्रॅम. घाण निम्मी झाली आणि विष जवळजवळ दहापट वाढलं. एरवी रक्तातला अमोनिया कल्ल्यांतून बाहेर वाहतो, कारण बाहेर तो कमी असतो. बाहेरच वाढला की हा प्रवाह मंदावतो, मग उलटा फिरतो. मासा पृष्ठभागावर तोंड काढून चुबूक चुबूक करतो, पर अंगाशी मिटतो आणि रात्रीत जातो. मे महिन्यात सोसायटीने टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलेलं असेल आणि पीएच ८ पर्यंत चढला, तर हाच आकडा ०.१३ होतो.

म्हणजे दोष पाणी बदलण्याचा नाही, इतके दिवस न बदलण्याचा. शिवाय स्पंज नळाखाली पिळला तेव्हा क्लोरिनने उरलेसुरले जिवाणूही गेले. स्पंज नेहमी टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने दाबावा. तपकिरी राहिला तरी चालेल.

निदान करायला थेंबांचे दोन संच पुरतात, अमोनियाचा आणि पीएचचा. अमोनियाचा संच दोन्ही रूपांची बेरीज दाखवतो. म्हणून पीएच न बघता नुसता हिरवा रंग पाहून घाबरू नये आणि निर्धास्तही राहू नये. घरोघरी आरओसाठी आणलेलं टीडीएसचं पेन इथे निरुपयोगी, त्याला अमोनिया ओळखता येत नाही. 'माशांनाही शुद्ध पाणी' म्हणून आरओचं पाणी भरणारे तर आगीत तेल ओततात, कारण त्यात केएच जवळपास नसतोच.

पीएच ६ आणि अमोनिया भरपूर, असं निघालं तर दाणे तीन-चार दिवस बंद. रोज फक्त दहा टक्के पाणी बदला, एअर पंप चोवीस तास चालू. खायचा सोडा या वेळी अजिबात नको, पीएच झपकन वर जाईल. अमोनिया शून्यावर आला की मग ५० लिटरला आठवड्याला २ ग्रॅम सोडा, म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडा कमी, विरघळवून दोन दिवसांत थोडा थोडा. किंवा फिल्टरमध्ये मूठभर प्रवाळाचे तुकडे ठेवा, ते लागेल तसे झिजतात. आठवड्याला पंचवीस टक्के पाणी न चुकता.

ताज्या पाण्याचं क्लोरिन घालवायला दुकानात हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, खडे मिळतात. १० ग्रॅम खडे विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करा. १० लिटरला १ मिलिलिटर घातलं की ते लिटरमागे सव्वा मिलिग्रॅमपर्यंतचं क्लोरिन आरामात मारतं. पावसाळ्यात नळाला क्लोरिनचा वास जास्त येत असेल तर दुप्पट घाला. नव्या टाकीत नायट्राइट चढून कल्ले तपकिरी दिसू लागले, तर ५० लिटरला ५ ग्रॅम खडे मीठ. त्यातलं क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटची वाट अडवतं.

पाणी चोख असूनही गोगलगायी जिवंत आणि मासे मात्र तासाभरात सगळे गेले असतील, तर गल्लीत डासांची धूरफवारणी झाली होती का, घरात पेस्ट कंट्रोल झालं होतं का, ते आठवा. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं माशांना अत्यंत विषारी असतात आणि एअर पंप खोलीतली हवा इमानेइतबारे पाण्यात ढकलत असतो. धुराची गाडी येताना ऐकू आली की आधी पंप बंद करायचा, टाकीवर ओला टॉवेल टाकायचा आणि खोली मोकळी झाल्यावरच पंप पुन्हा लावायचा.