ऑइल कूलर, गिअरबॉक्स कूलर आणि परफॉर्मन्स गाड्या : हा वाद नेमका कुठून आला

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर गेला की टर्बो गाडीवाल्या पोरांचा प्रश्न ठरलेला, ऑइल कूलर (गरम ऑइल वाऱ्याने थंड करणारी छोटी जाळी) टाकू का, आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर त्याच दमात गिअरबॉक्सचा पण टाकू का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांचा इतिहास पण वेगळा आहे, पण आपल्याकडे ते एकाच किटमध्ये विकले जातात म्हणून एकच वाटतात.

जुनं थोडक्यात. एअर कूल्ड इंजिनात पाणीच नाही, त्यामुळे तिथे ऑइललाच अर्धं काम करावं लागायचं. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये कूलर पंख्याच्या कव्हरमध्येच बसवलेला होता आणि तो तीन नंबरच्या सिलिंडरची हवा अडवायचा, १९७१ च्या मॉडेलला तो बाजूला सरकवला. पोर्शे ९११ च्या एस मॉडेलला १९६९ ला पुढच्या मडगार्डमध्ये जास्तीचा कूलर दिला, म्हणजे इंजिन मागे आणि कूलर पुढे, मध्ये गाडीभर पाइप. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अमेरिकेत १९४० च्या मॉडेलपासून आला, पुढे टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी ऑइलमधून इंजिनची ताकद पुढे देणारा भाग) रुळले आणि गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्याच टाकीतून फिरवून आणायची पद्धत पडली. ती स्वस्त आहे आणि चालते पण, फक्त आतली नळी फुटली की पाणी गिअरबॉक्समध्ये जातं आणि गुलाबी घोळ तयार होतो, तिकडचे लोक त्याला स्ट्रॉबेरी मिल्कशेकच म्हणतात.

आपल्याकडे कूलर कारमधून आलाच नाही. मेकॅनिक लोकांचे हात बसले ते ट्रकच्या आणि जेसीबीच्या कूलरवर, आणि कॉलेजच्या पोरांना तो दिसला २००७ च्या पल्सर २०० आणि २२० ला, इंजिनच्या पुढे ती छोटी जाळी. तेव्हापासून जाळी दिसली म्हणजे गाडी पॉवरफुल हे डोक्यात बसलं ते बसलंच.

आता खरा वाद, जो आजही निघतो. २०१६ च्या मॉडेलला फोर्ड या अमेरिकी कंपनीने मस्टँग जीटी३५० काढली, ५.२ लिटर व्ही८, ५२६ हॉर्सपॉवर, ८२५० आरपीएमपर्यंत फिरणारं इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स. म्हणजे गाडी कागदावर सरळ सरळ ट्रॅकची. पण गिअरबॉक्सचा आणि मागच्या डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचा) कूलर फक्त ट्रॅक पॅकेजमध्ये दिला, बेस आणि टेक्नॉलॉजी पॅकेजवाल्यांना नाही. टेक्नॉलॉजी पॅकेजमध्ये सीट थंड व्हायची सोय होती, गिअरबॉक्स थंड व्हायची नव्हती. लोक ट्रॅकवर गेले, काही लॅप नीट गेले आणि मग टेम्परेचर वाढून गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच पॉवर कापून टाकतो आणि तुम्ही कडेने रांगत पिटमध्ये येता. २०१७ मध्ये मालक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, जाहिरातीत ट्रॅक दाखवून गाडी विकली आणि ट्रॅकला लागणारा पार्टच काढून घेतला. कंपनीची बाजू अशी की ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी वेगळं पॅकेज होतंच, तुम्ही ते घेतलं नाही.

दोन्ही बाजू कागदावर ठीक आहेत, पण २०१७ च्याच मॉडेलपासून कंपनीने हे कूलर सगळ्या जीटी३५० ला स्टँडर्ड करून टाकले, त्यातून ज्याला जे समजायचं ते समजलं. मॅन्युअल गिअरबॉक्सला कशाला कूलर असं म्हणणाऱ्यांचं तोंड पण तिथेच बंद झालं, कारण सतत पूर्ण लोडवर गिअरचे दातच ऑइलला तापवतात, क्लचचा आणि कन्व्हर्टरचा संबंधच नाही. मात्र यात सतत हा शब्द महत्त्वाचा आहे आणि किट विकणारे नेमका तोच गाळतात.

आपल्या भागाचं गणित वेगळं आहे. कूलर किती उष्णता फेकतो हे ऑइल आणि हवा यांच्या टेम्परेचरमधल्या फरकावर असतं. ऑइल १२० ला आणि हवा २० ला असेल तर फरक १००, तीच गाडी मे मध्ये धुळ्यात आणली तर हवा ४५, फरक ७५, म्हणजे तोच कूलर चौथा हिस्सा कमी काम करतो. म्हणून खान्देशात मोठा कूलर लागतो हे बोलणं अगदीच फुकटचं नाही. पण चाळीसगावहून कन्नड घाट चढताना, २०२३ ला जड वाहनांना बंदी येईपर्यंत, पुढे लोड ट्रकची रांग असायची, गाडी पहिल्या-दुसऱ्यात रांगायची, कूलरला वाराच लागायचा नाही. अशा रांगेत नुसती जाळी काय करणार, पंखा असलेला कूलर असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाल्याला फायदा आहे. चांगला मेकॅनिक आधी हेच विचारतो, "भो, गाडी पळवतो का रांगवतो?"

आणि सगळ्यात जास्त घोळ ड्युअल क्लचचा, म्हणजे दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. २००३ ला फोक्सवॅगनचा असा सहा गिअरचा वेट क्लच गिअरबॉक्स, डीएसजी, आला, त्यात क्लच ऑइलमध्येच बुडलेले असतात आणि कूलर कंपनीचाच असतो. २००८ ला सात गिअरचा ड्राय क्लच आला, कमी टॉर्कच्या गाड्यांसाठी, मायलेज बरं मिळावं म्हणून. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय हाच घेऊन आपल्याकडे आली आणि आजच्या व्हर्टस-स्लाव्हिया १.५ ऑटोमॅटिकला पण हाच आहे. यात क्लच कोरडे, गिअरचं ऑइल क्लचला शिवतच नाही. मग ट्रॅफिकमध्ये रांगून रांगून गिअरबॉक्स ओव्हरहीटची वॉर्निंग आली तर ती क्लचच्या उष्णतेची असते आणि ऑइल कितीही थंड करा, क्लचला त्याचा काही उपयोग नाही. २०१३ च्या शेवटी फोक्सवॅगनने या गिअरबॉक्सच्या लाखो गाड्यांत सिंथेटिक ऑइल काढून मिनरल टाकलं तेव्हापासून लोकांना वाटतं की दोष ऑइल तापण्याचा होता, खरं कारण होतं गरम-दमट हवेत आणि सारख्या थांब-चालू ट्रॅफिकमध्ये त्या ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रिक भागात होऊ शकणारा बिघाड. तरी ड्राय क्लचवाल्याला गिअरबॉक्स कूलर विकणारे आहेत आणि घेणारे पण आहेत, काय बोलायचं.

इंजिन ऑइलचं उलट टोक पण आहे. ऑइल १०० च्या आसपास गेलंच पाहिजे, त्याशिवाय त्यातला ओलावा आणि त्यात उतरलेलं पेट्रोल उडत नाही. थर्मोस्टॅट (ऑइल तापेपर्यंत ते कूलरकडे जाऊ न देणारी झडप) नसलेला स्वस्त कूलर लावून डिसेंबरच्या सकाळी पारोळ्याहून एरंडोलला गेलात तर ऑइल पूर्ण तापायच्या आत गाव येतं. कंपन्यांनी म्हणूनच गेल्या काही वर्षांत इंजिनच्याच रेडिएटरच्या पाण्यावर चालणारा छोटा कूलर जास्त वापरला, तो ऑइलला थंडीत आधी गरम करतो आणि मग थंड ठेवतो, फक्त पाण्यापेक्षा खाली नेऊ शकत नाही. टर्बो कारवाल्यांपैकी बऱ्याच जणांच्या गाडीत तो कंपनीतूनच बसलेला असतो, फिल्टरच्या मागे, दिसत नाही म्हणून नाही असं धरतात.

बाहेरचा लावायचाच असेल तर कापसाचा सीझन लक्षात ठेवा. नोव्हेंबरपासून ट्रॉलीतून उडालेली रुई बंपरच्या जाळीतून आत जाऊन कूलरच्या फिनमध्ये (पातळ पत्र्यांमध्ये) बसते, वर काळ्या मातीची धूळ आणि ऑइलचा ओलावा, महिनाभरात नमदा तयार होतो. प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन वाकतात, मागच्या बाजूने हलकी हवा मारून काढायचं, आणि त्यासाठी बंपर खोलावा लागतो.