जुना ट्रेलर पासिंगला नेण्याआधी

"पंधरा वर्षं झाली, आता भंगारातच ना?" आमच्या कळंबोलीच्या वर्कशॉपमध्ये हा प्रश्न सारखा येतो. उत्तर: नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी थांबते ती सरकारी मालकीच्या गाड्यांची, १ एप्रिल २०२३ पासून. तुमचा ट्रेलर फिटनेसला पास होतोय तोवर चालवा. फक्त आठ वर्षांपर्यंत पासिंग, म्हणजे ही फिटनेस तपासणी, दोन वर्षांनी असतं, पुढे दरवर्षी. मुदत चुकली की केंद्राच्या नियमात दिवसाला ५० रुपये जादा आहेत. फीही वयाप्रमाणे चढते, म्हणून निघण्याआधी परिवहन या सरकारी पोर्टलवर रक्कम बघून घ्या.

जुन्या ट्रेलरचं घोडं अडतं ते बहुतेक वेळा चेसिस नंबरवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरवर. परवाच एक चाळीस फुटी ट्रेलर पासिंगहून परत आला. ब्रेक उत्तम, टायर नवे, पण दर दिवाळीला मारलेल्या रंगाखाली नंबरचे शेवटचे आकडे गायब! आम्ही पेंट रिमूव्हर लावून, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासून ते वर काढले. तिथे ग्राइंडर मुळीच लावू नका. आकडा घासला गेला तर नंबरात फेरफार केल्याचा संशय येतो, आणि मग उत्तरं देत बसावं लागतं.

स्वयंचलित तपासणी केंद्रावर ब्रेक रोलरवर तपासतात. डावं चाक धरतं आणि उजवं ढिलं पडतं, हे तिथे लपत नाही. ब्रेकचे लायनर बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. रेडियम पट्टी (उजेड पडला की चमकणारी) पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. मागचा बंपर आणि बाजूचे गार्ड वाकलेले असतील तर आधी सरळ करून घ्या.

"एक एक्सल (चाकांचा आस) वाढवून द्या", "दोन फूट लांबी वाढवा" असं सांगायला येऊ नका, आम्ही करत नाही. आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) न जुळणारा असा बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

वजनाचंही तेच. २०१८ साली एक्सलची मर्यादा वाढली, पण वजनकाट्यावर तुमच्या आरसीवरचा आकडा बघतात. जास्त भरलात तर २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. शिवाय जादा माल तिथेच उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत, आणि हमाली तुमच्याच खिशातून.

पासिंगच्या तारखेआधी पंधरा दिवस ट्रेलर रिकामा घेऊन या. सोबत आरसीची झेरॉक्स आणा, आणि चेसिस नंबरवर नवा रंग मारून आणू नका.